शेवटच्या घोड्याचं पाणी

प्रिय वेंडल,

सगळे तुला शोधायला गेलेत आणि मला इथं दावणीला बांधल्यासारखं बसवून ठेवलंय. काल दुपारी जेवण झाल्यावर तू बिस्किट घोडीवर खोगीर चढवून निघालास, तो अजून आला नाहीस. आता सकाळ झालीये. गवतावरचं दव गोठून पांढरं झालंय, आणि तुझं लोकरीच्या अस्तराचं जॅकेट ट्रेलरच्या दाराला लटकतंय. त्याच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवते आणि पुन्हा बघते. शेरीफचा माणूस मला म्हणाला, "मावशी, तुम्ही इथून हलायचं नाही. ते परत आले तर तळावर ओळखीचं माणूस हवं." बोलणं बरोबर आहे त्याचं, पण बसून बसून माझा जीव जायची वेळ आलीये. म्हणून फाटकापाशी पेटीत घोड्यांच्या वाटांचे नकाशे ठेवलेले असतात ना, त्यातला गठ्ठाच उचलून आणला आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहितेय. हाताला काहीतरी चाळा हवा, नाहीतर मी ओरडत सुटेन.

तुझ्यावर रागावू की रडू तेच कळत नाही. मी फक्त कॉफीचा थर्मास भरून आणायला मेव्हिसच्या ट्रेलरकडे गेले होते. ती तिची दोन खेचरं घेऊन शेजारीच उतरलीये. तिनं मला पीचचं गोडधोड खायला बसवलं आणि तिच्या धाकट्या सुनेचे प्रताप सांगत बसली. इकडे तू बिस्किटला खरारा केलास, खोगिराखालची घोंगडी नीट सारखी केलीस, पोटाखालचा तंग आवळलास, घोडीला चार पावलं चालवलीस आणि तंग पुन्हा आवळलास. हे सगळं लॉइडनं पाहिलं. लॉइड म्हणजे घोडेस्वारांच्या या तळाची देखभाल करणारा तो ढेरपोट्या म्हातारा. त्यानं तुझ्यासाठी फाटकसुद्धा उघडलं! काल संध्याकाळी टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, बिचाऱ्याचे डोळे भरून आलेले. म्हणाला, "आर्डिथ, इतकं नीट खोगीर घालणाऱ्या माणसाला कुठं चाललास म्हणून कसं विचारायचं गं?" आपल्या घोडेवाल्यांत असंच आहे. नव्या माणसाला आपण सतरा सूचना देतो, आणि तंग दोनदा आवळणारा दिसला की बाजूला होऊन वाट देतो. तुझ्या हातांना सगळं आठवतं, वेंडल. तुझे हात बघून कुणाला वाटेल की डोकं गेलंय?

आणि कुणाला माहीत नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. तूच तसं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. डॉक्टरांकडून येताना गाडीत म्हणालास, "तळावरच्या लोकांना सांगू नको. मला घोड्यावर बसवताना कुणी खालून हात धरलेला मला खपायचा नाही." मी बरं म्हटलं. मग तू मेव्हिसला तिसऱ्यांदा तिचं नाव विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, त्याला कमी ऐकू येतं. शेकोटीपाशी तू बीन्सची ताटली मांडीवर घेऊन, काय करायचं हे विसरून बसलास, तेव्हा मी म्हटलं, दमलाय. ग्लेनला मात्र सगळं माहीत आहे. तो फोनवर चिडायचा, "आई, घोडे विकून टाक. बाबांना काही झालं तर जबाबदार कोण?" आपला मुलगा शहाणा आहे, त्याचं चुकत नव्हतं. पण घोडे गेल्यावर तुझ्यात उरणार काय होतं? सकाळी उठून तू मला "तुम्ही कोण?" विचारायचास, आणि तासाभरानं घोड्यांच्या चंदीचं घमेलं हातात घेतलंस की माझ्याकडे बघून हसायचास. त्या हसण्यासाठी मी गवताचे भारे उचलत होते. या वयात, या कंबरेनं! मेल्या, तुला काय ठाऊक.

तू एक गोष्ट मात्र अजून विसरला नाहीस. दिसेल ते मोठ्यानं वाचतोस. येताना रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचलीस. चंदीच्या पोत्यावरची अक्षरं वाचलीस. इथं खांबावर 'घोडे झाडाला बांधू नयेत' असं लिहिलंय, ते दर खेपेला वाचतोस आणि दर खेपेला "बरोबर आहे, साल खातात" म्हणतोस. पहिल्या दिवशी मला वैताग आला होता. आज ते ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

काल अंधार पडेपर्यंत लॉइडचं एकच चाललं होतं, "घोडी आणेल त्याला." सगळ्यांचं तेच. वाट चुकलात तर लगाम सैल सोडा, घोडा बरोबर तळावर आणून सोडतो. लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो. किती जणांना किती घोड्यांनी असं आणून सोडलंय. त्यामुळे कुणी घाई केली नाही. शेकोटीभोवती बसून सगळे वाटेकडे कान लावून टापांची वाट बघत राहिले. मीसुद्धा! मीसुद्धा मूर्खासारखी बिस्किटच्या वाटची चंदी काढून ठेवली होती. चंदी तशीच आहे. शेवटी मेव्हिसचाच धीर सुटला आणि ती गाडी घेऊन, फोन लागेल अशा ठिकाणी गेली. कुणा शिकाऱ्यानं उत्तरेच्या डोंगरावर बिस्किटसारखा बदामी घोडा पाहिला म्हणे, म्हणून आज उजाडताच सगळे तिकडे चढलेत. एकटा आपला काळा घोडा, मेजर, इथं आहे. तो काल संध्याकाळपासून खिंकाळतोय, आणि उत्तरेकडे एकदाही बघत नाही. तोंड खाली, दरीकडे.

हे लिहिता लिहिता मला मेव्हिसचं बोलणं आठवलं. आज निघताना, रिकिबीत पाय टाकता टाकता ती म्हणाली, "गुणी माणूस आहे गं तुझा, काल तू आत खात होतीस तेव्हा मी खेचरं बघायला बाहेर आले, तर जाताना मला हात करून म्हणाला, घोडीला जरा पाणी दाखवून आणतो." तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. आता शिरलंय. पाणी? या तळावर प्रत्येक जागेपाशी नळ आहे, वेंडल. आपल्या बिस्किटची बादली तू स्वतः काल सकाळी भरलीस. इथं घोड्याला पाण्यावर न्यावं लागत नाही. न्यावं लागायचं ते खाली. नदीकाठच्या जुन्या तळावर.

देवा, मला आधी कसं कळलं नाही! पुरात तो रस्ता वाहून गेला, जंगलखात्यानं तो तळ बंद केला, आणि त्यानंतर आपण या जंगलात आलोच नव्हतो. या वर्षी तूच हट्ट धरलास, मला नदीवर ने, मला नदीवर ने. मी तुला जमेल तिथवर आणलं, या वरच्या नव्या तळावर. पण बिस्किटला हा तळ काय माहीत? ती आईच्या मागून उड्या मारणारं शिंगरू होती तेव्हापासून तिचा तळ तोच, उंबरठ्यासारखा सपाट खडक असलेल्या, नदी ओलांडायच्या उताराशेजारचा. तू लगाम सैल सोडला असशील तर ती तुला तळावरच घेऊन गेलीये. घोडीनं काही चूक केली नाही. चुकलो आम्ही, चुकीच्या तळावर बसून तिची वाट बघत.

तो उतार आठवतो का तुला? मला तिथलं सगळं आठवतं. मी पहिल्यांदा आले होते, उसना घोडा, उसने बूट. वीसेक घोडेस्वारांची रांग नदीत उतरली, घोडे पाणी प्यायले, आणि माणसं पलीकडे चढायला लागली. माझा घोडा सगळ्यात मागं, आताशी त्यानं तोंड पाण्याला लावलेलं. पुढचे घोडे निघाले तसं त्यानं पिणं सोडलं आणि मान वर करून हिसडे द्यायला लागला. मी घाबरून त्याच्या आयाळीला लोंबकळले. आणि एक काटकुळा, मोठ्या कानांचा माणूस आपला घोडा वाटेत आडवा घालून उभा राहिला आणि सगळ्यांवर ओरडला, "थांबा रे! शेवटचा घोडा पितोय!" पुढच्यांनी शिव्या घातल्या. कुणीतरी म्हणालं, "घोडा पितोय की घोड्यावरची बघायचीये?" तुझे कान लाल झाले, पण तू हलला नाहीस. माझा घोडा शांत झाला, पोटभर प्यायला, आणि सगळी रांग मुकाट उभी राहिली. नंतर तू मला म्हणालास, "पाण्यावर कुणाला मागं सोडून जायचं नसतं. एकटा पडला की तो तहानलेला तसाच निघतो." मी त्या क्षणी ठरवलं होतं, लग्न करीन तर याच्याशी. तुला वाटतं तू मला मागणी घातलीस. खुशाल वाटू दे.

फाटकापाशी शेरीफच्या माणसानं त्याचा एक जण बसवलाय, बिनतारी यंत्र घेऊन. मी आत्ता धावत जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं नकाशा पसरला. या नकाशावर जुना तळ नाहीच, वेंडल. तिथं नुसतं कोरं आहे. तो म्हणाला, "मावशी, खाली वाटच नाही, पूलही नाही. म्हातारा माणूस तिकडे कशाला जाईल?" मी म्हटलं, पाण्याला. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की तुझं डोकं गेलंय की माझं, हे त्याला कळेना. यंत्रावर विचारलं त्यानं, नाही असं नाही. उत्तर आलं, आधी उत्तरेचा डोंगर पुरा करू, मग दुपारनंतर खाली बघू, बाईंना धीर द्या. दुपारनंतर! पश्चिमेकडून ढग चढतायत. तू नुसत्या सदऱ्यावर रात्र काढलीयेस. काढली असलीस तर. हे शेवटचे शब्द मी खोडणार होते, पण राहू देत. दुसरं काही मनात येतच नाहीये.

मी निघतेय हे त्या यंत्रवाल्याला सांगणार नाही, तो अडवेल. मेजरला खोगीर घातलंय. तंग दोनदा आवळलाय. तुझं जॅकेट मागं बांधलंय, थर्मास आणि मक्याचा पाव पिशवीत टाकलाय. गेल्या वर्षी पडल्यापासून डॉक्टरांनी मला घोड्यावर बसायला मनाई केलीये. ते डॉक्टर आत्ता इथं नाहीत. टेबलावर चढून त्याच्यावर बसेन. लगाम सैल सोडीन, मेजरला माहीत आहे कुठं जायचं ते. तो रात्रभर तेच सांगत होता.

वरचं सगळं मी माझ्यासाठी लिहिलं. आता हे तुझ्यासाठी, हा एवढा कागद मोठ्यानं वाच. तळावर या घटकेला आपल्या ओळखीचं कुणी नाही. मी खाली नदीवर जातेय आणि तू दुसऱ्या वाटेनं वर आलास तर तुला इथं ओळखीचं कुणीच दिसणार नाही, तू घाबरशील, आणि पुन्हा निघशील. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटतेय. म्हणून हा कागद जॅकेटच्या खिळ्याला लावून जातेय. तुझं नाव वेंडल. हा ट्रेलर आपला आहे. घोडीचं खोगीर उतरव, तिला खांबांमधल्या दोराला बांध, झाडाला नाही. बादलीत पाणी आहे, चंदी काढून ठेवलीये. खुर्चीवर घोंगडी आहे, ती पांघरून बस. मी आर्डिथ. नाव आठवलं नाही तरी चालेल, मोठ्या कानांच्या माणसा, मी रांगेतली शेवटची. मी पाण्यावर गेलेय, माझं अजून पिऊन झालेलं नाही. तू पुढं निघू नकोस. घोडा आडवा घाल आणि थांब.

अजून तहानलेली, तुझीच,
आर्डिथ