एका इंचाची तार

१४ तारीख, मंगळवार

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहायची रीत. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. राहू दे.

मी बरा आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. वहिनीला सांग, तिने दिलेला स्वेटर कोपरात फाटलाय, तरी घालतो. बाबांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही हे वाचलं. जन्मभर लोकांचे भोंगे दुरुस्त केले, दुसरं काय होणार.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. काम होतं म्हणून उत्तर राहिलं. काम काय, नेहमीच असतं.

तू लिहिलंस, "तुमच्या कारखान्यात माझा माइकचा अँप्लिफायर तपासायला आलाय, पास झाला तर दोनशे बोर्डांचं काम मिळेल, नाहीतर बाबांचं दुकान सोडावं लागेल. तपासणाऱ्याशी ओळख असली तर शब्द टाक." ओळख आहे. जन्मापासूनची आहे. सहा महिने झाले, तपासणीच्या टेबलावर मीच बसतो.

कसं तपासतात ते सांगतो. माइकमधून येतं ते इतकं बारीक, की ते हजार पट मोठं करावं लागतं. आणि मोठं करताना अँप्लिफायरने पदरचं काही घालायचं नाही. म्हणून आम्ही एक स्वच्छ सूर आत सोडतो. बाहेर आला की मशीन नेमका तोच सूर गाळून टाकतं. मागे उरतं ते त्याने पदरचं घातलेलं. ते हेडफोन लावून ऐकायचं. चांगल्या बोर्डात नुसती हवा वाजते.

तुझा लावला. हिरवा, छापील, कोपऱ्यात तुझं नाव डिग्रीसकट. सूर गाळला आणि कानात घरघर. आकडे बघायच्या आधीच ओळखलं मी. भिंतीपलीकडून घरच्या माणसाचा खोकला ओळखू येतो तसं.

दुकानातलं मागचं टेबल आठवतं? या अँप्लिफायरचा पहिला बोर्ड मी तिथे जोडला. सोल्डर करताना जास्त तापलं आणि एका जागचं तांबं उखडलं. म्हणून कपॅसिटरची ग्राउंडची तार लांब ओढून पार माइकच्या बाजूला लावली. तात्पुरती. सकाळी नीट करणार होतो. तेवढ्यात तू कागद घेऊन बसलास आणि सर्किट जसंच्या तसं उतरवलंस, माझ्या जळलेल्या जागेच्या वळशासकट. तुला वाटलं असेल, त्यातही काही डोकं असेल. आता छापील बोर्डावरसुद्धा तिथे तू तारच मारली आहेस!

मी तेव्हा म्हटलं होतं, "खाली माझंही नाव टाक ना."

वर न बघता म्हणालास, "सहावी नापासाचं नाव वाचून कोण हात लावेल रे याला?"

बाबा तिथेच होते. तेव्हा त्यांचे दोन्ही कान शाबूत होते.

सहावीच्या वर्षी पाच महिने मी दुकानात बसलो, कारण तू वसतिगृहात शिकत होतास आणि बाबांच्या हाताखाली दुसरं कुणी नव्हतं. जाऊ दे, उगाळत नाही. उगाळतोच आहे.

ती तार एक इंच सरकवली की घरघर जाते. मधल्या सुट्टीत करून पाहिलं. हेडफोन लावला, नुसती हवा. एवढा स्वच्छ बोर्ड या टेबलावर आजवर आलेला नाही, दादा. पाच मिनिटं ऐकत बसलो. मग तार होती तिथे परत लावली.

बाई आल्या, म्हणजे आमच्या मुख्य इंजिनिअर. हेडफोन कानाला लावून म्हणाल्या, "मांडणी झकास आहे रे. मग ही घरघर कसली? सुधारेल?"

"सांगता येत नाही."

"तुला? सांगता येत नाही?" त्या हसल्या. "बरं नाही का आज?"

मी स्क्रू आवळत राहिलो. कागदावर नापास लिहिलं. खाली सही केली. अजून वेडीवाकडीच येते.

इथे माझी शाळा कुणी काढत नाही. मी कानाला हेडफोन लावून जे बोलतो ते खरं धरतात. आतापर्यंत खरंच असायचं.

महिनाअखेरीपर्यंत बोर्ड पुन्हा तपासायला देता येतो. तार कुठे लावायची ते पत्रात लिहिणार नाही, आणि तूही पत्रात विचारू नको. इथे ये. माझ्या टेबलाशी उभा राहा आणि बाईंच्या देखत मला विचार, "ही तार कुठे लावू?" एवढंच. बोर्डावर नाव तुझंच राहू दे. मी तार दाखवीन, आणि बाईंना सांगेन की मी खोटं बोललो. मग त्यांनी ठेवलं तर ठेवलं.

नाही आलास, तर दुकान कुणामुळे गेलं ते बाबांना सांग. पण उजव्या कानाशी बस आणि सगळं सांग, मागच्या टेबलापासून.

बोर्ड फडक्यात गुंडाळून माझ्या खणात ठेवलाय.

सूर गाळल्यावर मागे उरलेला,
धाकटा