बिनमिठाचा बांगडा

चि. शमिका हिस,

आबांचे अनेक आशीर्वाद. (थोडे दमट लागतील, इकडे आठवडाभर कपडेही वाळलेले नाहीत.) तुझं बेंगळुरूचं ट्रेनिंग नीट चाललं असेल आणि तू वेळेवर जेवत असशील, असं धरून चालतो. आम्ही इथे संगमेश्वरपासून सात किलोमीटर आत खुशाल आहोत. आजीचे गुडघे कुरकुरतात, पण आजीपेक्षा कमी.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर बोललो की आजीला ऐकू जातं. (तिला कमी ऐकू येतं, ते फक्त चहा मागितल्यावर.) विषय तुझ्या मांजरीचा आहे. मफिन, म्हणजे आपली बाय. इथे तिला सगळे बाय म्हणतात आणि ती त्याच नावाला येते, हे मनाला लावून घेऊ नकोस.

तू दोन महिन्यांसाठी ठेवलेल्या खाण्याची पिशवी मी पडवीत टांगली होती. ती कोंबड्यांनी फोडली आणि दोन दिवसांत संपवली. (त्या आठवड्यात अंडी मोठी आली, एवढाच फायदा.) मग तू भिंतीला चिकटवलेला कागद चष्मा लावून वाचला. कांदा नको, लसूण नको, मीठ नको, मसाला नको, दूध नको, काटे नकोत. आजी म्हणाली, "हे मांजर आहे की कुठले महाराज उतरलेत आपल्याकडे?" तेवढ्यात श्रावण लागला. मला वाटलं, देवच पावला. आपल्या घरी श्रावणात तसाही कांदा-लसूण नसतो, मासा नसतो, तेव्हा घरचंच जेवण तिला चालेल. म्हणून मी तिच्यापुढे मऊ भात आणि दुधीची भाजी ठेवली, तीही मीठ घालायच्या आधी काढून. बायने वास घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. दोन दिवस तशीच. शेवटी तिला काजू मोजायच्या काट्यावर घातली. आली तेव्हा साडेतीन किलो होती, ती तीन किलो शंभर भरली. मग मात्र मला झोप येईना. नातीने विश्वासाने दिलेलं मांजर परत देताना वजनात घट दाखवायची कशी?

देवरुखच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मांजराला भाजीवर जगवू नका, मासा नाहीतर कोंबडी उकडून द्या, मधूनमधून अंडं द्या, आणि सुकी मासळी देऊ नका, तिच्यात मीठ फार. आजीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तिच्या स्वयंपाकघरात श्रावणात मासा शिरणार नाही, मांजराचासुद्धा नाही. तेव्हा मी घरामागच्या मांगरात, गवत-लाकडं ठेवतो त्या खोपटात, तीन दगड मांडले. ज्या माणसाने पन्नास वर्षांत स्वतःचा चहा केला नाही, तो मांजराचा स्वयंपाकी झाला.

जयगडचा लवू मोटारसायकलवर मासे घेऊन येतो. श्रावणात तो आपल्या घरासमोरून हॉर्न न वाजवता जातो, भला माणूस आहे. मी हात केला तर तो बघतच राहिला.

"आबा, श्रावणात?"

"मांजरासाठी रे."

"होय तर," म्हणाला. "औंदा समद्यांच्याच घरी मांजरां झाल्येत."

पण खरं सांगतो, हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. बांगडा उकडायचा, काटा काढायचा, थोडा लाल भोपळा कुस्करून घालायचा. मीठ चुकून पडलं नाही ना, हे चाखल्याशिवाय कळत नाही. काटा राहिला नाही ना, हेही जिभेलाच कळतं. पहिल्या दिवशी मी बोटाच्या टोकाने चाखलं. पण शेपटीकडे काटे फार, म्हणून आता तो भाग पुरताच तपासावा लागतो. अंडीही (आधी पिवळं, मग पांढरं) तपासतो. बाय समोर बसून बघत असते, तक्रार करत नाही. काल तिला पुन्हा काट्यावर घातली, तीन किलो आठशे. तिच्या अंगावर तुकतुकी आलीय आणि रोज सकाळी ती मांगरात माझ्या आधी हजर असते. दिवस बरे चाललेत, शमू.

आईला, बाबांना आशीर्वाद कळव.

तुझा,
आबा

ता. क. तू वीस तारखेला बायला न्यायला येणार असं म्हणाली होतीस. तेवढं पुढे ढकल. गणपती विसर्जनापर्यंत आपल्याकडे चुलीवर मासा चढत नाही, आणि बाय गेली की मांगरातही चढणार नाही. एकदम खाणं बदललं तर त्रास होतो असं डॉक्टर म्हणाले. (त्यांनी मांजराचं सांगितलं होतं, पण मला ते सगळ्यांनाच लागू वाटतं.) आजीला यातलं काही माहीत नाही, कळू देऊ नकोस.

ता. क. (आजी) शमू, घरातला डिंक संपलाय, म्हणून आबा लिफाफा शितांनी डकवायला माझ्याकडे देऊन गेले. भात शिजेपर्यंत मी वाचून काढलं. आयुष्यभर मासे कापलेल्या बाईला एवढ्याशा मांजरापुढे तीन बांगडे लागत नाहीत, हे कळत नाही होय? गप्प बसले, कारण परवा माणसांच्या डॉक्टरांनी यांचं ब्लडप्रेशर मोजलं, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली आलं. मी चिमूट कमी घातली तर ताट सरकवणारा माणूस मांजराबरोबर बिनमिठाचं मुकाट जेवतोय. देवाला मी सांगून ठेवलंय. बाय राहू दे, दिवाळीपर्यंत राहिली तरी चालेल. मी वाचलं हे त्यांना बोलू नकोस. फक्त मांगरातून घरात येताना मिशा पुसून येत जा, असं कसंतरी सुचव. बाय पुसून येते.