पेढ्याचे दात आणि माझ्या वीस खुणा

२ सप्टेंबर, सकाळी ७
पेढ्याच्या तोंडाला वास येतो. जांभई देताना दाढेवरचे पिवळे किटण आणि हिरडीची लाल कड दिसली. पेढा आमचा कुत्रा, सात वर्षांचा. हिरड्यांतील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचू शकतात, असे ग्रंथालयातील पुस्तकात आहे. पुस्तक मिटले. संकल्प: एकवीस दिवस रोज त्याचे दात घासणे. तक्ता भिंतीवर लावला. मी घाबरलेली नाही.

३ सप्टेंबर
माणसांची पेस्ट कुत्र्याला वर्ज्य. बोटाला ओले फडके गुंडाळून घासावे. गुंडाळले. पेढ्याने तोंड उघडले. एकूण दात बेचाळीस, पैकी सुळे चार. आज केवळ निरीक्षण. निरीक्षण हाही अभ्यासच. दोन दिवसांच्या दोन खुणा केल्या.

६ सप्टेंबर
आधी मक्याच्या कणसावर प्रॅक्टिकल. हात उत्तम बसला. शेजारच्या गोजरबाईंनी कुंपणावरून विचारले, "भार्गवी, कणसाले आंघोळ घालून राह्यली काय वं?" कणीस घेऊन घरात आले. खूण केली.

११ सप्टेंबर
जनावरांच्या डॉक्टरले फोन काऊन नाही करत, असे आईने विचारले. अनोळखी व्यक्तीशी फोनवर बोलण्यापेक्षा लेखी अर्ज शिस्तशीर. 'विषय: पेढा नामक कुत्र्याच्या हिरड्यांबाबत.' 'महोदय' की 'मान्यवर', हे न ठरल्याने अर्ज थांबला. खूण.

१७ सप्टेंबर, दुपार
पेढा भाकरी फक्त उजवीकडून चावतो. सवय असावी. त्याच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजले. माझेच अधिक भरले. नवे कणीस घेतले. खूण.

२१ सप्टेंबर
भाकरी तशीच. ताटलीच्या कडेला रक्त. खूण मात्र सुबक आली. उद्या जीपने बुलढाण्याला, पशुवैद्यांकडे.

२२ सप्टेंबर, सायंकाळी
आईने तक्ता सोबत घेतला होता. "आमची पोरगी वीस दिवसांपासून रोज घासून राह्यली," असे तिने पशुवैद्यांना अभिमानाने सांगितले. ते गंभीर झाले. रोज घासूनही ही अवस्था, म्हणजे बिघाड आत कुठेतरी, बहुधा मूत्रपिंडात. रक्त काढावे लागेल. त्यांनी सुई घेतली. पेढा माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणाले, "ह्याचे दात नाही, कणीस घासले." त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. बाहेरच्या बाकावरचा माणूसही वळला.

"मंग ह्या खुणा कायच्या वं?" आई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. सुई खाली ठेवून त्यांनी माझ्या बोटाला फडके गुंडाळले, पेढ्याचा ओठ उचलला आणि बोट निरोगी बाजूच्या दातांवर टेकवले. पेढ्याने ते चाटले. पाच सेकंद लागले.

दोन दाढा परवा भूल देऊन काढणार. पंधरा दिवस आधी आणले असते तर वाचल्या असत्या, म्हणाले.

घरी आल्यावर आईने माझे कणीस भाजले. एकही दाणा किडलेला नव्हता.