दयाळ नामशेष ठरण्याबाबत

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? उत्तरात नुसते 'बरा' लिहू नये. जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही लिहावे.

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की आपल्या गल्लीत बुलबुल विपुल आहे आणि दयाळ येत्या रविवारपासून नामशेष ठरतो.

जागतिक यादीत दोघांनाही धोका नाही, हे मान्य. पण ती जगाची यादी. आपली यादी गच्चीची, आणि तिचा मी केलेला नियम तुला ठाऊक आहे (तू हसला होतास): दोघांनी एकाच वेळी ऐकल्याखेरीज पक्ष्याची नोंद नाही, आणि तीन वर्षे नोंद नसल्यास पक्षी नामशेष. बुलबुलाला साक्षीदारांची वाण नाही. त्याने कुंडीत घरटे केले असून त्याच्या कलकलाटाची तक्रार करायला खालचे शिंपी रोज वर येतात. दयाळ मात्र पहाटे टाकीवर गातो, तेव्हा गच्चीवर मी एकटी. त्याची शेवटची नोंद तुझी-माझी, तिला रविवारी तीन वर्षे पुरी होतात.

शिंप्यांना तीन दिवस पहाटे बोलावले. पहिले दोन दिवस दयाळ गात असता ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणताय म्हणजे गातच असणार." ही साक्ष नव्हे, सौजन्य आहे, मी ती फेटाळली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मान डोलावली, तेव्हा टाकीवर कावळा होता.

दयाळ एक तान घेऊन थांबतो. त्या जागी तू शीळ घालायचास. तो अजून तेवढाच वेळ थांबतो. (वयाचा विचार करता हा त्याचा मुलगाही असेल, घरात शिकवून ठेवले असावे.) काल मी स्वतः शीळ घालून पाहिली. नुसती हवा निघाली, आणि कवळी बुलबुलाच्या कुंडीत पडली. ती काढताना बुलबुलाने जे केले त्याची नोंद नाही, कारण दुसरा साक्षीदार नव्हता.

यादी रविवारी दुपारी वाचनालयाच्या फळ्यावर लागेल.

तुझी
ताई

ता. क. शनिवारी संध्याकाळी इकडे येणारी एक गाडी आहे. तुझी उशी उन्हात टाकली आहे. या दोन गोष्टींचा वरील विधानाशी संबंध नाही.

आणखी एक ता. क. एक चूक कबूल करते. तू मुलाकडे राहायला निघालास तेव्हा दारात मी म्हणाले होते, "तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडत नाही." ते विधान पुराव्याशिवाय केले होते. दयाळाचे अडले आहे.

(सही) ताई