डब्यांवरची लघुरूपं

३ जून
इतक्या उशिरा लिहायला बसलो, माफी असावी. आधी चष्मा सापडत नव्हता, मग सापडल्यावर कंटाळा आला. पण आता घडतंयच तसं. नात नर्सिंग शिकते. सोमवारी तिची दवाखान्यातल्या लघुरूपांची परीक्षा. तिच्याकडून घोकून घ्यायला घरात माझ्याशिवाय आहे कोण? ओडी, रोज एकदा. टीडीएस, तीनदा. एचएस, झोपताना. एसओएस, गरज पडली तरच. सातवीत शाळा सुटली नसती तर आज सर्जन असतो.

५ जून
नात म्हणाली, "आजोबा, पुस्तक सोडा, मला वाचू द्या." लाजते बिचारी.

६ जून
आमच्या हिच्या औषधांच्या डब्यांवर सूनबाईने 'सकाळी', 'रात्री' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अगदीच अडाणी काम! सगळ्या खरवडून काढल्या, माझी लघुरूपं लावली. ही म्हणाली, "अहो, ते मला वाचता येत होतं." म्हटलं, मी आहे ना वाचायला!
सूनबाई म्हणाली, "बाबा, नक्की ना?" शिकलेल्या माणसाला या घरात किंमत नाही.

७ जून, दुपारी
हिच्या शुगरच्या गोळीवर टीडीएस आहे. पूर्वी ही सकाळीच घ्यायची असं वाटतं. पण अक्षर माझंच, म्हणजे बरोबरच. दुपारचीही दिली. नातीला विचारलं असतं, पण परीक्षेच्या तोंडावर पोरीला कशाला त्रास?

७ जून, रात्री
तिसरीही दिली. ही कुरकुरली. शिस्त नको असते माणसाला.

८ जून
पहाटे हिला दरदरून घाम, बोलणं अडखळलेलं. मी म्हटलं, उकाडा. नातीने डबा पाहिला, साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. परीक्षा बुडाली. तिथल्या सिस्टरने विचारलं, "हे डब्यावर कोणी लिहिलं?" नात म्हणाली, "आमच्याकडे घरीच मोठे डॉक्टर आहेत." एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

९ जून
घरी एकटाच. दवाखान्यात येऊ नका म्हणालेत. माझ्या विश्रांतीसाठीच असणार. सूनबाईला फोन केला. "बाबा, आता कशालाच हात लावू नका," म्हणाली आणि ठेवला. हिला बरं वाटतंय का, तेही सांगितलं नाही.
छाती धडधडतेय. माझ्या प्रेशरच्या गोळ्यांच्या डब्यावरही मीच एसओएस लिहिलंय. गरज पडली की नाही, हे कोणी ठरवायचं?
कुणीतरी निरोप पाठवा रे. लवकर. आणि पूर्ण शब्दांत.