साडेतीन अक्षरं

२ फेब्रुवारी

जेवताना बाबांनी सांगून टाकलं – महिनाअखेर नावाच्या पाट्यांचं दुकान बंद. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम सोडायला सांगितलंय. अठ्ठावीसला कोरायचं मशीन बघायला माणूस येणार आहे, विकत घेणारा. आई म्हणाली, हिला येतं की चालवायला. बाबा म्हणाले, "मशीन कोणीही चालवेल. पाटीवर अक्षर मोजायला नजर लागते."

चार वर्षं ते मशीन मी चालवतेय. डिप्लोमा आहे. हे बोलले नाही. पाणी प्यायले.

३ फेब्रुवारी

पीएचपी शिकायला घेतलं – वेबपान लिहायची भाषा. गिऱ्हाइकाने घरबसल्या नाव भरायचं, पानाने पाटीची लांबी सांगायची – एवढंच हवंय. समोरच्याला फक्त उत्तर दिसतं, आकडेमोड मागे सर्व्हरवर होते. हे पटलं. माझाही स्वभाव तोच.

५ फेब्रुवारी

कोडमध्ये प्रत्येक चलाच्या, म्हणजे व्हेरिएबलच्या, आधी डॉलरचं चिन्ह. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम. 'चूक – ओळ बारा' असं आलं म्हणून तासभर बारावी ओळ तपासली. अर्धविराम अकराव्या ओळीत राहिला होता! चूक एकाची, ओरडा दुसऱ्याला. घरच्यासारखंच वाटलं.

९ फेब्रुवारी

पान चाललं. नाव भरलं की खाली नाव उमटतं. आईला दाखवलं. तिने स्वतःचं नाव भरलं आणि म्हणाली, "मी लिहिलं तेच परत आलं. यात विशेष काय?"

विशेष हेच, की ते जाऊन परत आलं. समजावत बसले नाही. नंतर एकटीने आणखी दोनदा करून पाहिलं.

१३ फेब्रुवारी

समोरच्या दातांच्या डॉक्टरांना नवी पाटी हवी होती. म्हटलं, पानावरून मागवा. अक्षर तीन इंची. नुसत्या 'डॉक्टर' या शब्दाला पानाने सांगितलं – अठरा अक्षरं, साडेचार फूट. त्यांचं दार तीन फुटी.

छापून काढलेला कागद बाबांनी नाकाजवळ धरला. "डॉक्टर आडवे झोपणार आहेत का पाटीवर?" डॉक्टरसुद्धा हसले. मी नाही.

१४ फेब्रुवारी

कारण सापडलं. लांबी मोजायचं जे फंक्शन मी वापरलं, ते अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं – कॉम्प्युटरमध्ये लागणारी जागा. आपल्या लिपीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात. दुसरं फंक्शन घेतलं. अठराचे सहा झाले. तरीही चूकच – ड, त्याचा चंद्रवाला काना, क, पाय मोडल्याची खूण, ट, र – सगळं सुटं सुटं मोजतंय.

मग अक्षर म्हणजे नक्की काय? पुस्तकात नाही.

१६ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. मशीन पुसता पुसता, त्यांच्याकडे न बघता. आधी म्हणाले, मोजत नाही, दिसतं. मग टेबलाच्या कडेवर बोट आपटत सुरू झाले. पाय मोडलेलं अक्षर पुढच्याला टेकतं, दोघांचं मिळून एक. मात्रा वर, उकार खाली – जागा खात नाहीत. काना, वेलांटी, जिथे म्हणून उभी रेघ येते तिथे अर्धं.

"डॉक्टर म्हणजे साडेतीन," ते म्हणाले. "शहाण्यांएवढे."

सगळं लिहून घेतलं. इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले होते, आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

उभी रेघ = ०.५. काल ते फक्त बाबांच्या बोटात होतं, आज कोडमध्ये आहे.

२१ फेब्रुवारी

नियम बसला. चाळीस ओळी. बाबांच्या जुन्या वहीतली साठ नावं टाकून पाहिली. एकोणसाठ बरोबर! साठाव्या नावाला पान म्हणतं पाच, वही म्हणते साडेपाच.

माझंच चुकलं असणार, म्हणून दोन तास कोड तपासला. नाही. वही घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी बोट आपटलं, थांबले, पुन्हा आपटलं. मग म्हणाले, "तरीच ती पाटी मला कायम सैल दिसायची."

जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२७ फेब्रुवारी

उद्या तो माणूस येणार. बाबांनी विषय काढलेला नाही. मी विचारणार नाही.

मशीनला तेल दिलं. विकायच्या वस्तूला देतात तसं नाही, नेहमीसारखं.

२८ फेब्रुवारी

दुकान उघडलं तेव्हा पानावर एक ऑर्डर येऊन पडली होती. नाव – माझं. अक्षरं – साडेतीन. कुठे लावायची – दुकानाच्या दारावर. सूचना – मशीन बघायला येणाऱ्याला परत पाठवणे, काम आहे.

टेबलाच्या कडेवर बोटाने मोजून पाहिलं. साडेतीनच. कोरायला घेते.