ठोके थांबतात तो आकडा

झाँसी,
९ जानेवारी २००९

प्रिय कांचन,

अनेक आशीर्वाद. थंडी मरणाची आहे. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. तू हल्ली फोनवर पुटपुटतेस. शेजारची लीला म्हणते, दाराची घंटा वाजवून हात दुखले. घंटाच स्वस्तातली, तिला कोण काय करणार? कुकरच्या शिट्ट्यांतही पूर्वीचा दम नाही. डाळ दोनदा करपली.

तुझे भावोजी सोमवारी मानिक चौकात चक्कर येऊन एका दुकानाच्या पायरीवर बसले. डॉक्टर म्हणजे कालचं पोर. स्वेटरवरूनच दाब मोजायचा पट्टा बांधायला निघालं, वर क्रिकेटच्या गप्पा. माझ्या वॉर्डात असतं तर कान धरून बाहेर काढलं असतं. मी बाही वर करायला लावली, भावोजींना गप्प बसवलं, मग त्याने मोजलं.

"आंटीजी, नीचेवाला तो चौहत्तर है. गोली किसने बढ़ाई?"

चौऱ्याहत्तर म्हणे! गोळी मी वाढवली. जन्मभर मेट्रन होते मी. दोन महिने माझ्या मोजणीत खालचा आकडा शंभराखाली आलेला नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय विसावतं, तेव्हाचा हा दाब. विसाव्यातही शंभर, तर रक्तवाहिन्यांना उसंत कधी? आणि मोजणं काय अवघड आहे? पट्ट्यातली हवा हळूहळू सोडायची, नळीतून ठोके ऐकायचे. ऐकू यायचे थांबले, की तो खालचा आकडा. हे मी त्या पोराला ऐकवलं.

त्याने पट्टा पुन्हा फुगवला. नळी माझ्या कानांना लावली, स्वतः पाऱ्याकडे बघत हवा सोडू लागला. शंभरावर मी हात वर केला. ठोके थांबले.

भावोजी आपल्या दंडाकडे बघत म्हणाले, "अगं, इथे अजून धडधडतंय."

माझ्या लक्षात आलं नाही, तेव्हा त्यांनी तेच पुन्हा, माझ्याकडे तोंड करून सांगितलं. डॉक्टर खाली बघत राहिला. तेवढी रीत त्याला कुणी शिकवली कोण जाणे.

गोळी पूर्वीइतकी केली आहे. अळणी जेवणही बंद. भावोजींनी काल लोणच्याची फोड चोखून चोखून खाल्ली.

संक्रांतीला ये. ग्वाल्हेर काही लांब नाही. तिळगूळ मी करीन, तू त्यांचा दाब मोज. मोजायचं कसं ते मी शिकवीन, कान तुझे.

आकडा मात्र तोंडाने सांगू नकोस. कागदावर लिहून माझ्यासमोर धर.

तुझी,
दुर्गाताई